काकूंनी संपवलेला जिमीकांदा

काकू तळहात पुढे करायच्या. उजवा तळहात खोलगट, त्याखाली डाव्या हाताचा टेकू, मान किंचित खाली. देवळात तीर्थ घ्यायला उभ्या आहेत असंच वाटावं. पण समोर देऊळ नसायचं, कुणाची तरी चूल नाहीतर गॅस असायचा आणि काकू म्हणायच्या, "ठेव बाई इथं थोडंसं. पाहू दे काय हाय ते."

मग डोळे मिटायचे. तोंड बंद, जबडा हळूहळू हलतोय, भुवया वर-खाली. स्वयंपाक करणारी बाई हातात पळी धरून तशीच उभी. दहावीच्या निकालाच्या दिवशी आम्ही पोरं जशी उभी राहायचो तशी. शेवटी काकू डोळे उघडायच्या आणि निकाल सांगायच्या.

चिखल्याच्या खाण वसाहतीत आमच्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर होतं. मधे फक्त एक भिंत. काका खाणीत पाळीवर जायचे, माझे बाबा खाणीच्या वजनकाट्यावर होते. तुम्ही अशी वसाहत पाहिली असेल तर तुम्हाला सांगायला नको, की एका ओळीत दहा घरं असतात आणि संध्याकाळी दहा वेगळे वास येतात. कुणी राजनांदगावकडचे, कुणी ओडिशाचे, कुणी आंध्रातले, कुणी बालाघाटचे. आम्ही आंबागडचे, काकू बपेऱ्याच्या. आम्ही दोघेही धानवाले. आमच्या दोन्ही घरांतून भाताशिवाय दुसरा वास क्वचितच यायचा, म्हणून काकू बाकीच्या आठ घरांकडे जात.

त्यांचे निकाल वसाहतभर फिरायचे. आंध्रातल्या ताईंच्या गोंगुऱ्याच्या लोणच्याला त्या म्हणाल्या होत्या, "ही तं आपली अंबाडीच हाय. लुगडं बदलवून आली फक्त." मी बारावीत असताना आईने पहिल्यांदा पाकिटातल्या नूडल्स केल्या तेव्हा, "मसाला फर्स्टक्लास. बाकी सुतळी हाय." तुमसरच्या बसस्टँडजवळ मोमोची गाडी लागली तेव्हा मी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. त्यांनी एक मोमो उचलला, सगळीकडून न्याहाळला, खाल्ला आणि गाडीवाल्या पोराला अगदी मनापासून विचारलं, "बाबू, मोदकात तिखट भराची आयडिया कोणाची?"

लोकांना वाटायचं, काकूंना काहीही चालतं. ते खरं नव्हतं. काकूंना निम्म्या गोष्टी आवडायच्या नाहीत आणि तसं त्या तोंडावर सांगायच्या. पण त्यांचा एक नियम होता. "नाही म्हणा न! पण गिळून म्हणा. तोंडात टाकाच्या आधी नाही म्हणाची काहून घाई?"

माझे बाबा नेमके उलटे. त्यांचं एकच वाक्य होतं, "आपल्यात नाही खात."

पावसाळ्यात जंगलातून सात्या आल्या, की अख्खी वसाहत त्या अळिंबीवर तुटून पडायची. बाबा म्हणायचे, "छत्री हाय ते. छत्री कोणी खाते का?" इडली आंबलेली, म्हणून नाही. पनीर रबरासारखं, म्हणून नाही. ओडिशाच्या घरचा पाण्यातला भात तर नाहीच नाही. आणि गंमत अशी, की आमच्याच घरी उन्हाळ्यात सकाळी आई रात्रीचा भात पाण्यात घालून कांद्याबरोबर द्यायची, तो बाबा दोन वाट्या खायचे.

"भाऊजी, ते अन् हे एकच हाय," काकू म्हणायच्या.

"ते त्यायचं हाय, वहिनी. हे आपलं हाय."

"आपलं म्हंजे कोणाचं? तांदूळ तं दोघायचा एकाच दुकानातला हाय."

बाबा पेपर वर करायचे. पेपर वर गेला म्हणजे विषय संपला.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. मी शाळेत शिकवतो, डबे उघडताना रोज पोरांना पाहतो आणि मला वाटतं नाही म्हणणाऱ्यांच्या जाती वेगळ्या असतात. कुणी रंगाला घाबरतं, कुणी वासाला, कुणाला बुळबुळीत चालत नाही. ती माणसं एक दिवस खातात. भूक लागली, मित्राने आग्रह केला, की खातात. पण जे नुसतं नाव ऐकूनच नाही म्हणतात, त्यांच्या जिभेपर्यंत पदार्थ पोचतच नाही. त्याला आधी घरातल्या सगळ्या मेलेल्या माणसांची परवानगी लागते. बाबा त्या जातीचे. आणि काकू? मी बराच काळ त्यांना शूर समजायचो. एकदा विचारलंच, तुम्हाला भीती कशी वाटत नाही. त्या हसल्या.

"भेव कायचं, बाबू? मी नवी नवरी होऊन इथं आली तवा मले कोणाची बोली समजे नाही. हे पाळीवर गेले, का मी घरात एकटी. कोणाच्या दारात जाऊन काय बोलाचं? मंग मी वाटी घेऊन जाओ अन् इशाऱ्यानं इचारो, हे काय हाय? बाई लोक खुश होत. खाल्लं का आनखीन खुश. अशी मी बोलाले शिकली."

इतकंच. शौर्यबिर्य काही नाही.

मला तुमसरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. सकाळची बस लवकर असायची. आईची तब्येत तेव्हा बरी नसायची, त्यामुळे माझा डबा बहुतेक काकू भरायच्या आणि त्यात आदल्या संध्याकाळच्या त्यांच्या फेरीतलं काहीबाही असायचंच. मी पदवीधर झालो त्यात पुस्तकांचा वाटा आहे, मास्तरांचा आहे, बाबांच्या ओव्हरटाइमचा आहे. पण त्या डब्याचाही आहे, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

त्या डब्याने आणखी एक काम केलं. एकदा मी बसमध्ये डबा उघडला, आत तांदळाच्या पिठाचे उकडून फोडणी दिलेले लांबट गोळे होते. शेजारच्या सीटवरची मुलगी वाकून बघू लागली. आमच्याच वसाहतीतली, मागच्या ओळीतल्या राजनांदगावकडच्या घरातली, पूर्णिमा.

"हा फरा माझ्या आईच्या हातचा आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे कसा आला?"

मी म्हणालो, "काकूंकडून." वसाहतीत एवढं उत्तर पुरायचं. पुढची तीन वर्षं आम्ही त्याच बसने गेलो आणि डबा अर्धा-अर्धा खाल्ला. मला नोकरी लागली तेव्हा मी घरी सांगितलं, की मला पूर्णिमाशी लग्न करायचं आहे.

बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पण त्यायचं खाणं अलग हाय."

आईने समजावलं, मी समजावलं. पूर्णिमाचे आईवडील आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले. शेवटी बाबा त्यांच्याकडे जायला तयार झाले, पण एका अटीवर. आमच्याकडे रीत अशी, की सोयरीक ठरेपर्यंत मुलाकडचे लोक मुलीच्या घरी फक्त चहा-पोहे घेतात. भात खाल्ला, म्हणजे होकार. बाबा म्हणाले, "ते जेवाले बोलावून राहिले तं मी पानावर बसीन. पण भाताले हात लावाचा का नाही, ते तिथंच ठरवीन. मले कोणी काही बोलाचं नाही."

त्यात पूर्णिमाने मला एक बातमी दिली, ती ऐकून माझी झोप उडाली. तिची आई जिमीकांदा करणार होती. जिमीकांदा म्हणजे आपला सुरण. छत्तीसगडच्या लोकांकडे मानाच्या पाहुण्याला जिमीकांदा वाढतात. तो न वाढणं म्हणजे पाहुण्याला कमी लेखणं आणि वाढलेला न खाणं म्हणजे यजमानाला. आणि बाबांचं सुरणाशी जुनं वैर. लहानपणी आंबागडला कुणीतरी जंगलातून कंद खणून आणला होता, तो खाऊन अख्ख्या घराचे गळे रात्रभर खाजले. तेव्हापासून आजोबांचं एक वाक्य आमच्या घरात वेदासारखं चालायचं: ज्या घरच्या अन्नानं गळा खाजला, त्या घरची सोयरीक जन्मभर खाजते.

मी काकूंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"काकू, तुम्ही चला आमच्यासोबत."

"बोलावलं नसतं तरी आली असती," त्या म्हणाल्या. "तिची माय जिमीकांदा मस्त बनवते. चिच टाकते न चांगली, काही खाजत नाही. भाऊजीच्या बाजूले बसीन अन् पहिला घास मी खाईन. मी खाल्ला का ते पाहतीन, पाहतीन अन् खातीन."

आईनेही आपल्या परीने मदत केली. बाबांचे दात आंबट सोसत नाहीत म्हणून तिने आदल्या दिवशी निरोप पाठवला: आमच्या ह्यांना आंबट चालत नाही, तेवढं सांभाळा. सुरणाने गळ्याला सुटणारी खाज चिंचेने मरते, हे आईला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात सुरण शिजलाच नव्हता तर ठाऊक कसं असणार? आणि पूर्णिमाच्या आईला ते ठाऊक असूनही, मुलाच्या घरचा निरोप म्हणजे निरोप. तिला वाटलं असेल, जास्त शिजवला की झालं.

जेवायला पंगत जमिनीवर बसली. बायका मागून बसायच्या होत्या, पण काकू बाबांच्या शेजारी मांडी ठोकून बसल्या. त्यांना कोण उठवणार? ताटं आली. भात, डाळ, चेंचची पालेभाजी, पापड. बाबा ताटाकडे बघत होते, हात मांडीवर. मी बाबांच्या हाताकडे बघत होतो. दारातून पूर्णिमा माझ्याकडे बघत होती.

मग तिची आई जिमीकांद्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन आली. काकू दाराजवळ होत्या म्हणून पहिल्यांदा त्यांच्या ताटात दोन फोडी पडल्या. काकूंनी लगेच एक तोंडात टाकली आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले.

पूर्णिमाची आई बाबांकडे वळून आदराने म्हणाली, "समधी जी, आप मन बर खटाई बिलकुल नइ डारे हन." म्हणजे, व्याहीबुवा, तुमच्यासाठी आंबट अजिबात घातलेलं नाही.

काकूंचे डोळे उघडले.

मी इतकी वर्षं काकूंचा निकाल ऐकत आलो होतो. तोंड वाकडं झालं की वसाहतीला कळायचं, भुवया वर गेल्या की कळायचं. त्या दिवशी चेहऱ्यावर काहीही हललं नाही. त्यांनी घास गिळला. पळी बाबांच्या ताटावर आली होती, फोड पडणारच होती. काकूंनी हात लांब करून गंजाचा कानच धरला.

"थांब वो बाई! भाऊजीले नको देऊ."

"काबर?" पूर्णिमाची आई घाबरली.

"त्यायले कंदातलं काय समजते? असा जिमीकांदा मी जन्मात नाही खाल्ला. आण इकडं. सगळा आण."

आणि त्यांनी तो गंज खरोखर आपल्या ताटाशेजारी ओढून ठेवला. सगळे बघत राहिले. पूर्णिमाचे वडील हसू लागले. आईने पदर तोंडाला लावला. तिला लाज वाटत होती. मी म्हणालो, "काकू, एक फोड मला तरी."

"तुले जिंदगीभर इथंच खाचं हाय, बाबू. आज मले खाऊ दे."

या वाक्यावर सगळं घर हसलं. पूर्णिमाची आई तर डोळे पुसत हसली. तिच्या हाताला असा मान कुणी दिला नव्हता. आणि बाबा, ज्यांच्या डोक्यावरून सुरणाचं संकट परस्पर टळलं होतं, ते इतके मोकळे झाले, की म्हणाले, "वहिनी, पोट तुमचंच हाय न? का भाड्यानं आणलं?" असं म्हणता म्हणता त्यांनी भातात आळं करून डाळ ओतली, भात कालवला आणि घास घेतला. मग दुसरा घेतला.

माझं लग्न ठरलं ते असं.

काकू खात होत्या. एक फोड, मग भाताचा मोठा घास, मग फोड. डोळ्यांत पाणी होतं. "मिरची लागली," त्या म्हणाल्या. त्यांनी दही मागितलं, गूळ मागितला. निघताना त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पूर्णिमाच्या डोक्यावरून हात फिरवला. काकू बोलल्या नाहीत याचं कुणालाच नवल वाटलं नाही, इतके सगळे आनंदात होते.

पूर्णिमाने संध्याकाळी गंज घासायला घेतला. बुडाला थोडा रस्सा होता, तो बोटाने चाटला. आणि तिच्या जिभेला, घशाला, अशी कुसळं लागली, की ती मोरीतच बसली. मग तिला कळलं. चिंचेचं पाणी आणि गूळ घेऊन ती मागच्या दाराने काकूंकडे धावली. काकू ओट्यावर बसल्या होत्या, ओठ सुजलेले, आवाज पार बसलेला. हिला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "भाऊजीले नको सांगजो. मायलेही नको सांगजो."

वसाहतीला त्यांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. मला हे पूर्णिमाने लग्नानंतर सांगितलं. मी काकूंचे पाय धरायला गेलो तर त्या म्हणाल्या, "चूप. जिमीकांदा चांगला होता. पण पुन्हा नाही खाईन." गिळून म्हणालेलं 'नाही' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

बाबांना मात्र एक गोष्ट मिळाली. नातेवाइकांत, लग्नात, बारशात ते रंगवून सांगायचे: आमच्या सोयरिकीत शेजारणीने सगळा जिमीकांदा एकटीने खाल्ला, व्याह्याला एक फोड ठेवली नाही! लोक हसायचे. काकू समोर असल्या तर त्याही हसायच्या आणि वर भर घालायच्या, "अन् गंजही चाटला असता, पण पोरीनं नेला." मी आणि पूर्णिमा एकमेकांकडे बघायचो.

काका निवृत्त झाले आणि दोघं बपेऱ्याला आपल्या घरी गेले. फोनवर बोलणं व्हायचं. काकूंचा पहिला प्रश्न कधीच 'कसा आहेस' नसायचा. "आज काय केलं?" असायचा. गेल्या हिवाळ्यात थोड्या दिवसांच्या आजारपणात त्या गेल्या.

तेरवीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी काकूंच्याच गोष्टी चालल्या होत्या. बाबा सवयीने म्हणाले, "पण जिमीकांद्याची फोड नाही ठेवली मले वहिनीनं." ते हसले, पण पूर्णिमा हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, त्यात चिंच नव्हती." आणि तिने सगळं सांगितलं.

बाबांनी पेपर वर केला नाही.  ते उठले, पायात चप्पल घातली आणि बाजारात गेले. परतले तेव्हा पिशवीत मातीसकट सुरण होता.

"कर," ते पूर्णिमाला म्हणाले. "चिच टाक. भरपूर टाक."

शिजेपर्यंत ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पूर्णिमाने चाखायला वाटी घेतली, तर म्हणाले, "तू नको. मी पाहतो." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. सत्तरीच्या उंबरठ्यावर, आजोबांच्या वाक्याला न विचारता. आम्ही सगळे उभे होतो. त्यांनी घास गिळला, दात आंबले म्हणून डोळे घट्ट मिटले, थोडा वेळ गळ्यावर हात ठेवून थांबले.

"नाही खाजत," ते म्हणाले. "डब्यात भर."

बपेऱ्याला अंगणात पान मांडायची तयारी चालली होती. गेलेल्या माणसाला आवडायचं ते त्याच्या पानावर ठेवतात. काकूंच्या सुनेने काकांना विचारलं, "आईले काय आवडे?" काका गोंधळले. "काय सांगू, बाई? रोज अलगच आवडे." मग वसाहतीतून आलेल्या बायका एकेक करून पुढे झाल्या. प्रत्येकीच्या हातात डबा होता आणि प्रत्येकीला खात्री होती, की काकूंना सगळ्यांत जास्त आपल्याकडचंच आवडायचं. गोंगुऱ्याचं लोणचं आलं, फरा आला, पाण्यातला भात आला, कुणाची तरी नात नूडल्स घेऊन आली. एक पान पुरेना, दुसरं जोडलं, मग तिसरं. तेरवीच्या दिवशी असं हसू नये, पण काकाही हसत होते.

शेवटी बाबा पुढे झाले. सबंध रस्ताभर डबा त्यांच्याच मांडीवर होता. ते पानाजवळ उकिडवे बसले आणि झाकण काढलं.

"वहिनी," ते म्हणाले, "यात चिच हाय. मी पाहिलं खाऊन."

त्यांनी दोन फोडी ठेवल्या. मग आणखी दोन. मग डबाच पानावर उपडा केला आणि बुडाला चिकटलेला रस्सा बोटाने पुसून घातला.

शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "भाऊ, वास मस्त येऊन राहिला. पंगतीले थोडा ठेवाचा होता."

"नाही," बाबा म्हणाले. "सगळा वहिनीचाच हाय."